जनावर पडलं की कोण येतं?

गावात बैल किंवा म्हैस मेली तर तिची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते, विम्याच्या कागदावर होऊ शकते, आणि मालकाच्या मनात तर ती वर्षानुवर्षं राहते. पण ते जनावर माळावर टाकल्यानंतर पुढच्या चार-पाच दिवसांत तिथं कोण आलं, कुणी किती खाल्लं, कुणी कुणाला हुसकून लावलं आणि शेवटी उरलं काय, हे कुणीच लिहून ठेवत नाही. या नोंदी ठेवणारी एक ज्ञानशाखा आहे. मृतभक्षक प्राण्यांच्या परिसंस्थेचा ती अभ्यास करते. वन्यजीव संवर्धनाच्या वाटेनं निघालेल्या मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला ही शाखा सगळ्यात जवळची आहे, आणि तिच्याबद्दल त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

धारूरचंच पाहा. बीड जिल्ह्यातला हा तालुका बालाघाटाच्या डोंगरावर आहे. तेलगावकडून घाटाची वळणं चढून आलं की सीताफळीनं भरलेले उतार लागतात, मग मुरमाड माळ, मध्येच तूर-ज्वारी-कापसाची रानं, आणि दरीच्या काठाला धरून उभा असलेला सोळाव्या शतकातला किल्ला. जिल्ह्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यात, म्हणजे इथून लांब. त्यामुळे प्राणिशास्त्राची पदवी हातात आल्यावर इथली मुलगी किंवा मुलगा वन्यजीवांचा विचार करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं, मेळघाट येतं. आपल्या गावाच्या शिवारात अभ्यासण्यासारखं काही आहे हे मनात येत नाही. मला ही समजूत फार नुकसान करणारी वाटते. वाघाच्या अभ्यासासाठी रांगा लागलेल्या आहेत. माळावर पडलेल्या बैलाजवळ रात्रभर काय घडतं हे पाहायला मात्र कुणी नाही.

दिवसा येतात ते कावळे, घारी आणि गावची कुत्री. अंधार पडला की कोल्हा येतो, आणि आसपास कुठं बीळ किंवा कपार असेल तर तरस. माश्या पहिल्या तासातच आलेल्या असतात, त्यांच्या अळ्या आणि नंतर भुंगेरे कातड्याखालचं काम करत राहतात. या सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा वेगानं काम उरकणारा एक पक्षी या यादीत असायला हवा होता. आज विशीत असलेल्या धारूरच्या मुलानं गिधाडांचा थवा उतरताना पाहिला असण्याची शक्यता फारच कमी आहे. त्याच्या आजोबांना विचारलं तर ते हात आभाळाकडे करून सांगू लागतात.

गिधाडाचं शरीर या एकाच कामासाठी घडलेलं आहे. आपल्याकडची गिधाडं मढं वासानं शोधत नाहीत, नजरेनं शोधतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून ती तासन्‌तास तरंगतात आणि खालच्या जमिनीइतकंच लक्ष शेजारच्या गिधाडावर ठेवतात. एक खाली झेपावलं की दूरवरचं दुसरं तिकडे वळतं, त्याला पाहून तिसरं. रिकाम्या आभाळातून अर्ध्या तासात पन्नास पक्षी उतरतात ते असे. एक पक्षी एका वेळी किलोभर मांस खातो. मोठा थवा बसला तर सोललेल्या बैलाचा सांगाडा तासाभरात उघडा पडतो. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथंच मरतात. कुत्र्याला यातलं काहीच जमत नाही. तो दिवसचे दिवस एकाच सांगाड्याभोवती राहतो आणि घरी परतताना काय काय सोबत आणतो ते आपल्याला दिसत नाही.

मात्र या पक्ष्याची एक अडचण आहे. मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. जाणती गिधाडं मरू लागली तर ही तूट भरून काढायला वेळच मिळत नाही. भारतात नेमकं हेच झालं.

ते लक्षात कसं आलं, ही गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं ऐकावी अशी आहे. विभू प्रकाश ऐंशीच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. संस्था मुंबईची, १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांची घरटी मोजणं हे अभ्यासातलं सगळ्यात कमी रोमांचक काम असावं. तरी त्यांनी ती मोजली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी केली तेव्हा घरटी खूपच कमी झालेली होती आणि काही पक्षी मान खाली टाकून फांद्यांवर बसलेले होते. १९९९ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि जगाला या ऱ्हासाची पहिली पक्की खबर मिळाली. जुनी वही नसती, तर ‘पूर्वी पुष्कळ होती’ एवढंच म्हणता आलं असतं, आणि तेवढ्यावर कुठलंच सरकार हलत नाही. पुढच्या देशव्यापी मोजण्यांतून कळलं की १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडंही जवळजवळ ९७ टक्क्यांनी कमी झाली.

कारण मात्र अनेक वर्षं सापडेना. विषाणू असावा असं बहुतेकांना वाटत होतं, आणि संशय तसा रास्त होता. कोडं सुटलं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. जे. लिंडसे ओक्स हे अमेरिकेतले पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं गोळा करून उघडून पाहत होते. २५९ पक्ष्यांपैकी २१९ पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर पांढरी पुटं चढलेली होती. हे युरिक आम्लाचे थर, मूत्रपिंडं निकामी झाल्याची खूण. विषाणू सापडले नाहीत, कीटकनाशकं सापडली नाहीत. तेव्हा त्यांनी प्रश्न उलटा केला. गिधाडाला काय झालं हे बाजूला ठेवून, गिधाड जे खातं त्या गुराला मरण्याआधी काय दिलं जातं, हे विचारायला सुरुवात केली. उत्तर होतं डायक्लोफेनॅक, अंगदुखीवरचं, सुजेवरचं स्वस्त इंजेक्शन. मूत्रपिंडं बिघडलेल्या २५ पक्ष्यांची तपासणी केली तर पंचवीसच्या पंचवीसांत ते निघालं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नव्हतं. २००४ च्या सुरुवातीला हा शोध ‘नेचर’मध्ये छापून आला.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची आकडेमोड. गिधाडं नामशेष होण्यासाठी किती मढ्यांत हे औषध असावं लागेल? संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा प्रमाण निघालं एक टक्क्याहूनही कमी. कारण एका मढ्यावर डझनांनी पक्षी बसतात आणि प्रत्येक पक्षी वर्षभरात कितीतरी मढ्यांवर बसतो. आणि भारतात गोळा केलेल्या गुरांच्या यकृताच्या नमुन्यांत औषध सापडत होतं ते साधारण दहांत एका नमुन्यात. शेतकऱ्यानं बैलाची वेदना कमी व्हावी म्हणून इंजेक्शन दिलं, डॉक्टरांनी चांगल्या बुद्धीनं दिलं, कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

२००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम तोपर्यंत सिद्ध झालेलं होतं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनच्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरच्या एकाच डोसपुरता मर्यादित केला गेला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांनाही गुरांसाठी बंदी झाली. असिक्लोफेनॅकचं तर गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनतं.

गिधाडं गेल्यानं माणसांचं काय झालं, हे मोजण्याचा प्रयत्न अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी केला. जिथं पूर्वी गिधाडांना अनुकूल परिस्थिती होती असे जिल्हे आणि जिथं नव्हती असे जिल्हे, यांचे मृत्युदर त्यांनी औषध स्वस्त होण्याआधी आणि नंतर ताडून पाहिले. पहिल्या गटात मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. न उचललेली मढी, दूषित पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज हे त्यामागचे दुवे. अंदाज हा अंदाजच असतो, आकड्यावर तज्ज्ञ वाद घालतील, घालावेतही. पण गावच्या ढोरफोडीच्या जागेचा आणि गावातल्या माणसाच्या आयुष्याचा संबंध आहे, हे आता नाकारता येणार नाही.

या कामाला हात घालणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट माहीत हवी, आणि ती जीवशास्त्राच्या पुस्तकात नसते. पडलेलं जनावर कुठं टाकता, कोण ओढून नेतं, हे प्रश्न आपल्याकडे कधीच नुसते पर्यावरणाचे नव्हते. मेलेलं ढोर गावाबाहेर नेण्याचं काम गावानं शतकानुशतकं महारांवर लादलं होतं. कातडं कमावण्याचं ढोर समाजावर. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस खाणं सोडण्याचं आवाहन केलं. त्यानंतरच्या काळात गावोगावी ढोरं ओढायला नकार दिला गेला आणि त्यासाठी माणसांनी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. तो नकार न्यायाचा होता. मढ्यांची जुनी व्यवस्था निसर्गाला सोयीची होती म्हणून हळहळणारा संशोधक मला मान्य नाही. ती व्यवस्था कुणाच्या पाठीवर उभी होती हे आधी लिहावं, मग सोललेलं जनावर गिधाडांना लवकर फस्त करता यायचं, हे निरीक्षण लिहावं. दोन्ही खरं आहे. वस्तीवर जाऊन वयस्कर माणसाला हा प्रश्न विचारताना आपण काय विचारतो आहोत याचं भान नसेल, तर मिळणारं उत्तरही अर्धंच असेल.

आता गिधाडांच्या रिकाम्या जागेवर कोण आलं, ते पाहू. धारूरहून दक्षिणेला, सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अबी वनक हे अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून काम करत होते. विषय होता खोकड आणि गावकुत्री. सगळ्यांना वाटेल की कुत्री खोकडाचं अन्न पळवत असतील. त्यांनी दोघांचा आहार तपासला तर कुत्री मुख्यतः माणसाच्या खरकट्यावर आणि टाकाऊ अन्नावर जगत होती, खोकड उंदीर, किडे, फळं खात होतं. ताटं वेगळी होती. मग त्यांनी खोकडांसाठी खाऊ मांडून ठेवला आणि कुत्रा समोर असताना आणि नसताना काय होतं ते पाहिलं. कुत्रा दिसत असला की खोकड कमी खायचं आणि मान वर करून पाहण्यातच त्याचा वेळ जायचा. पोटावर मारायला अन्न हिसकावावंच लागतं असं नाही. प्रयोगाला लागलं काय, तर थोडा खाऊ, एक कुत्रा, आणि माळावर जागून काढलेल्या रात्री.

त्याच माळावर अनिरुद्ध बेलसरे आले. पशुवैद्यक म्हणून त्यांनी आधी बिबट्यांवर काम केलं होतं, मिझुरीत डॉक्टरेट करताना त्यांनी रोगांचा माग घेतला. नान्नजच्या परिसरातल्या बहुतेक जाणत्या कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्होच्या विषाणूंशी गाठ पडल्याच्या खुणा निघाल्या. मग सरळ उपाय सुचतो, कुत्र्यांना लस टोचा म्हणजे खोकडं वाचतील. त्यांनी गावांत लसीकरणाचा प्रयोग करून पाहिला. फरक फारसा पडला नाही, कारण जाणती कुत्री आधीच रोगातून तावून निघालेली होती आणि पिल्लं लस लाभण्याइतकी जगतच नव्हती. असा निकाल छापणं महत्त्वाचं असतं. तो वाचून पुढचा माणूस त्याच वाटेवर पैसा घालवत नाही.

तरसाबद्दलचा सगळ्यात बोलका आकडा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून आला. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी तिथं उसाच्या पट्ट्यात बिबटे मोजत होते. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, अभयारण्य नाही, हरणं जवळजवळ नाहीत. कॅमेऱ्यांनी दाखवलं की शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच बिबटे आहेत, आणि तेवढीच तरसं. बिबट्यांच्या पोटात गेलेल्या मांसापैकी ३९ टक्के कुत्र्यांचं होतं. शेताच्या बांधावरून शंभर चौरस किलोमीटरमागे पाच तरसं फिरतात आणि गावाला त्याची फारशी कल्पना नसते, हे वाचल्यावर बालाघाटाच्या उतारांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

तरस मोजायचं कसं, हे धारूरमध्ये काम करू इच्छिणाऱ्यानं शिकून घ्यावं. प्रत्येक तरसाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूचेही वेगळे. म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांना गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात, नाहीतर एकाच तरसाची दोन होतात. हाडं चघळल्यानं तरसाची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी पडते. ती धुऊन आतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की शेळी, बैल, कुत्रा वेगळे ओळखता येतात. आणि कॅमेऱ्यात तरस आलं नाही म्हणजे ते तिथं नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा पाहणी करायची, ‘असूनही दिसलं नाही’ याची शक्यता गणितानं काढायची. मेंढपाळांना, वनरक्षकांना वेगवेगळं गाठून तोच प्रश्न विचारणं हीसुद्धा याच गणितात बसणारी पद्धत आहे. संख्याशास्त्राला घाबरून या क्षेत्रात पुढं जाता येत नाही.

शिक्षणाच्या वाटा तशा ठरलेल्या आहेत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ पासूनची, तिथला वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी.; बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला तसाच अभ्यासक्रम; पुण्यातल्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातला जैवविविधतेचा. पहिल्या दोन ठिकाणी जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा इंग्रजीतून, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हा उंबरठा उंच पडतो. तो पडू नये यासाठी कुणीतरी काम करायला हवं. पण मला आणखी एक वाट सुचवायची आहे. ओक्स पशुवैद्यक होते, बेलसरे पशुवैद्यक आहेत. धारूरहून परभणीचं आणि उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन पुढं परिसंस्थाशास्त्रात येणारा विद्यार्थी दोन्हीकडची भाषा जाणतो. कुठल्या गाईला शेवटच्या तीन दिवसांत कोणतं इंजेक्शन दिलं गेलं हे शेतकरी त्याला सांगेल. अनोळखी संशोधकाला सांगेलच असं नाही.

काळजीही आधी घ्यायची. रेबीजची लस कामाला लागण्यापूर्वी टोचून घ्यावी. संशयास्पदरीत्या अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळं रक्त आलेलं जनावर कधीही फाडू नये. काळपुळीचे जंतू हवा लागली की बीजाणू बनवतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अशा वेळी डॉक्टरांना कळवून ते पुरणंच योग्य. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हाही मेलेली गुरं खोल पुरण्याच्या सूचना होत्या. वन्यप्राणी पकडायचा, त्याला पट्टा लावायचा असेल, तर नागपूरहून प्रधान मुख्य वनसंरक्षकांची (वन्यजीव) परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्या महिन्यातच करावा.

आणि धारूरमध्ये सुरुवात कुठून करायची? औषधाच्या दुकानांपासून. बंदीनंतर २००७ ते २०१० या काळात ११ राज्यांतल्या अडीचशेहून जास्त दुकानांत गिऱ्हाईक बनून विचारणा केली गेली, तेव्हा ३६ टक्के दुकानांत गुरांसाठी डायक्लोफेनॅक मिळालं होतं. हे काम एम.एस्सी.चा विद्यार्थी तालुक्यात एका हंगामात करू शकतो. दुसरा प्रश्न मात्र या भागाशिवाय दुसरीकडे कुठं नीट विचारता येईल असं मला वाटत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बैलजोड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. म्हणजे तालुक्यातली माणसं, बैल आणि त्यांच्यामागची खरकटी अर्ध्या वर्षापुरती उठून जातात. त्या काळात माळावर पडणाऱ्या मढ्यांची संख्या बदलते का, मागं राहिलेली कुत्री काय खातात, तरसाचा वावर गावाकडे सरकतो की लांब जातो? याचं उत्तर हवं असेल तर कॅमेरे सप्टेंबरमध्येच, गाड्या निघण्यापूर्वी, बांधून झालेले असायला हवेत.